पृथ्वीचे वय : सहा हजार वर्षे की साडेचार अब्ज? दोन्ही आकडे तपासण्याची रीत

पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असे मानणारा माणूस आणि ती सुमारे ४.५४ अब्ज वर्षांची आहे असे मानणारा माणूस समोरासमोर आले, की बोलणे बहुधा पाच मिनिटांतच ‘श्रद्धा की विज्ञान’ या ठरलेल्या वळणावर जाते आणि तिथेच रुतून बसते. समोरच्याचा आकडा आला कुठून, हे दोघांपैकी एकानेही विचारलेले नसते. पुष्कळदा स्वतःचा आकडा कुठून आला, हेही त्याला नीट सांगता येत नाही. वास्तविक दोन्ही आकडे कुठे आयते लिहून ठेवलेले नाहीत. बायबलच्या कोणत्याही वचनात पृथ्वीचे वय दिलेले नाही आणि खडकावरही ते कोरलेले नाही. दोन्ही हिशेबाने काढलेले आहेत, आणि प्रत्येक हिशेब काही गृहीतकांवर उभा आहे. म्हणून तपासायचे ते एवढेच : हिशेब कोणता, त्यामागची गृहीतके कोणती, आणि ती खरी की खोटी हे एखाद्या निराळ्या, स्वतंत्र वाटेने पडताळता येते का. ज्याला हा वाद समजून घ्यायचा आहे, शिकवायचा आहे किंवा घरातल्याच कोणाशी भांडण न करता बोलायचा आहे, त्याने पुढील क्रमाने जावे.

समोरचा नेमके काय मानतो, ते आधी विचारा

‘बायबल मानणारे’ असा एकच गट धरून चालणे ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. बायबलच्या पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचे होते आणि जग सहा ते दहा हजार वर्षांपूर्वी निर्माण झाले, असे मानणारे एका बाजूला आहेत. काही जण पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये अतिदीर्घ काळ लोटला असे मानतात; हे मत १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे अमेरिकेत घरोघरी पोहोचले. आणखी काहींच्या मते प्रत्येक ‘दिवस’ म्हणजे एक युग. या उताऱ्याला इतिहासाची नोंद न समजता सृष्टी कोणाची आहे हे सांगणारे वर्णन समजणारेही फार मोठ्या संख्येने आहेत. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर गाजलेला खटला चालला. त्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही उलटतपासणीत निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे मान्य केले होते. १९८२ साली निकाल लागलेल्या अर्कान्सा राज्यातील खटल्यात तर ‘सृष्टिविज्ञाना’ला, म्हणजे निर्मितीकथेला विज्ञान म्हणून मांडणाऱ्या मताला, शाळेत समान वेळ देणाऱ्या कायद्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांमध्ये मेथॉडिस्ट, एपिस्कोपल आणि रोमन कॅथलिक बिशप होते.

तेव्हा पहिला प्रश्न असा असावा : ‘तुमच्या मते दिवस म्हणजे किती काळ, आणि नोहाच्या काळचा जलप्रलय साऱ्या पृथ्वीवर आला की एका प्रदेशावर?’ उत्तरानुसार पुढची निम्मी चर्चा अनावश्यक ठरू शकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज ‘पारंपरिक’ म्हणून मांडला जाणारा तरुण पृथ्वीचा सिद्धांत, म्हणजे सर्व जीवाश्म आणि गाळाचे थर एकाच जलप्रलयात साचले हा दावा, सध्याच्या रूपात विसाव्या शतकातला आहे. जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी तो १९२० च्या दशकात मांडला, आणि जॉन व्हिटकॉम्ब व हेन्री मॉरिस यांच्या १९६१ च्या पुस्तकामुळे तो सर्वदूर पसरला.

सहा हजारांचा हिशेब स्वतः करून पाहा

आयर्लंडमधील आर्मा येथील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली प्रसिद्ध केलेल्या कालगणनेत निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ असे काढले. १७०१ पासून ही वर्षे इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली आणि अनेक पिढ्यांना ती मूळ मजकुराचाच भाग वाटू लागली. अशर यांची टिंगल करण्याची पद्धत पडली आहे. ती सोडून द्यावी. त्यांच्या काळात उपलब्ध असलेल्या साधनांचा त्यांनी अत्यंत कसून उपयोग केला होता. प्रथम बाबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाच्या मृत्यूचे वर्ष, इसवी सनापूर्वी ५६२, हा बाहेरच्या इतिहासाशी जुळणारा खुंटा त्यांनी ठोकला, मग राजांच्या कारकिर्दी मोजत ते मागे गेले, आणि शेवटी उत्पत्तीच्या पाचव्या व अकराव्या अध्यायांतील वंशावळींची बेरीज केली.

ती बेरीज कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करावी, कारण अडचण नेमकी तिथेच दिसते. हिब्रू मजकुराप्रमाणे आदामाचा मुलगा शेथ जन्मला तेव्हा आदाम १३० वर्षांचा होता. सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराप्रमाणे तो २३० वर्षांचा होता. असा फरक पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. म्हणूनच ग्रीक मजकूर वापरणाऱ्या बायझंटाइन परंपरेने निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ५५०९ धरले, तर ज्यू पंचांग ते इसवी सनापूर्वी ३७६१ धरते. अशर यांचे वर्ष धरले, तर एकाच ग्रंथावर श्रद्धा ठेवून, प्रामाणिकपणे मोजून, तीन उत्तरे आली आणि त्यांच्या दोन टोकांमध्ये साडेसतराशे वर्षांचे अंतर पडले.

दुसरे गृहीतक याहून नाजूक आहे : वंशावळीत एकही पिढी गाळलेली नाही. लूकच्या शुभवर्तमानातील वंशावळीत अर्पक्षद आणि शेलह यांच्या मध्ये केनान हे नाव येते. हिब्रू उत्पत्तीत त्या जागी ते नाही. मत्तयच्या पहिल्या अध्यायात योराम आणि उज्जीया यांच्या मधले तीन राजे सरळ वगळलेले आहेत, आणि तरीही ‘योरामाला उज्जीया झाला’ अशाच अर्थाची वाक्यरचना आहे. म्हणजे त्या भाषेत ‘अमक्याला अमका झाला’ याचा अर्थ ‘अमक्याच्या वंशात अमका झाला’ असाही होत असे. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातील विल्यम हेन्री ग्रीन हे बायबलला प्रमाण मानणारे, जुन्या वळणाचे विद्वान होते. त्यांनी १८९० साली याच आधारावर लिहिले, की या वंशावळींवरून जगाचे वय काढता येत नाही आणि काढण्यासाठी त्या दिलेल्याही नाहीत. सहा हजारांच्या आकड्यावरचा हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो कोणा भूवैज्ञानिकाचा नाही.

मजकुराला मजकुराच्याच कसोटीवर घासा

आता उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात आधी वनस्पती, मग पशुपक्षी आणि शेवटी नर व नारी असा मनुष्य निर्माण होतो. दुसऱ्यात शेतात काहीही उगवण्यापूर्वी पुरुष घडवला जातो, मग बाग, मग पशू आणि शेवटी स्त्री. पहिल्या अध्यायात संध्याकाळ-सकाळ पहिल्या दिवसापासून होते, सूर्य मात्र चौथ्या दिवशी येतो. हे आजच्या चिकित्सकांनी शोधून काढलेले नाही. सूर्य, चंद्र नसताना पहिले तीन दिवस कसे झाले, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्री ओरिजेन यांनी विचारला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी बिशप ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या ‘शब्दशः’ अर्थावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात सारे एकाच क्षणी निर्माण झाले असे मानले. आकाश-तारे यांविषयी धर्मग्रंथाच्या नावाने चुकीचे बोलणारा ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेलाच हास्यास्पद करतो, असेही त्यांनी बजावले. (इथे प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की जग सहा हजार वर्षांहून जुने नाही, असेच ऑगस्टीन यांचे मत होते. त्यांना आधुनिक ठरवण्याचा मोह टाळावा.)

यानंतरचा प्रश्न शब्दशः वाचणाऱ्याला आदराने विचारता येतो. पृथ्वी तिच्या पायांवर अशी बसवली आहे की ती कधीही ढळणार नाही, असे १०४ वे स्तोत्र म्हणते. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात सूर्याला थांबण्याची आज्ञा होते, पृथ्वीला नाही. याच प्रकारच्या वचनांच्या बळावर १६१६ साली कोपर्निकसच्या मताचा निषेध झाला आणि १६३३ साली गॅलिलिओवर खटला चालला. आज तरुण पृथ्वी मानणारे बहुतेक सर्वजण पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे निःसंकोच मान्य करतात आणि ही वचने पाहणाऱ्याच्या दृष्टीने केलेले वर्णन आहे असे सांगतात. ते योग्यच आहे. मग एका वचनाला ही सवलत कोणत्या नियमाने मिळते आणि दुसऱ्याला कोणत्या नियमाने नाकारली जाते? नियम सांगता आला तर चर्चा पुढे जाते. सांगता आला नाही, तर ‘अक्षरशः वाचन’ हेही निवडीवर चालते, एवढे तरी दोघांच्या लक्षात येते.

खडकाचा हिशेब किरणोत्सर्गापासून सुरू करू नका

विज्ञानाची बाजू मांडणारे बहुधा थेट युरेनियमवर उडी मारतात आणि ऐकणाऱ्याला ते आत काय चालते हे न दिसणाऱ्या बंद पेटीसारखे वाटते. इतिहासाचा क्रम वेगळा आहे, आणि समजावून सांगायलाही तोच सोपा जातो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकार पॉइंट येथे भूवैज्ञानिक जेम्स हटन १७८८ साली होडीतून गेले. तिथे करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या कापलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कललेले, जणू पसरून ठेवलेले आहेत. हे चित्र पाहून घटनांची यादी करावी : समुद्रतळावर गाळ साचला, दबून त्याचा खडक झाला, तो खडक वाकून उभा राहिला, पाण्याबाहेर आला, झिजून सपाट झाला, त्यावर नवी वाळू साचली, तिचाही खडक झाला, आणि तो पुन्हा उचलला जाऊन झिजू लागला. यातली कोणतीही पायरी वगळता येत नाही आणि क्रमही बदलता येत नाही. वर्षे किती, हे हटन यांना ठाऊक नव्हते. मात्र हे एका वर्षाच्या प्रलयात बसत नाही, हे कळायला आकड्याची गरज नव्हती.

जलप्रलयाचा सिद्धांत भूविज्ञानातून कोणी नास्तिकांनी हाकलला, ही समजूतही इथेच दुरुस्त करावी. केंब्रिजचे ॲडम सेजविक हे दीक्षित धर्मोपदेशक होते. सर्वत्र आढळणारे वरचे सुटे गाळ नोहाच्या प्रलयाचे अवशेष आहेत असे त्यांनी शिकवले होते. ते गाळ एका वेळचे नाहीत हे दिसून आल्यावर १८३१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतले. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड, तेही धर्मोपदेशकच, काही वर्षांत त्याच निष्कर्षाला आले. थरांच्या मध्येमध्ये वाळलेल्या चिखलाच्या भेगा, पावसाच्या थेंबांचे ठसे, मुळांसह टिकलेल्या जुन्या माती आणि बाष्पीभवनाने साचलेले मिठाचे जाड थर सापडतात. पाण्याखाली बुडालेल्या जगात चिखल वाळणार कधी, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही.

मग वर्षांकडे यावे. किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा ठराविक वेगाने क्षय होऊन त्याचे दुसरे, म्हणजे दुय्यम मूलद्रव्य बनते; दोघांच्या प्रमाणावरून वय काढतात. किरणोत्सर्गी वयमापनावरचे आक्षेप तीन आहेत : सुरुवातीला दुय्यम मूलद्रव्य किती होते हे ठाऊक नाही, मधल्या काळात काही आत आले किंवा बाहेर गेले असेल, आणि क्षयाचा वेग बदलला असेल. हे आक्षेप रास्त आहेत; भौतिकशास्त्रज्ञांनीही ते सुरुवातीपासून विचारात घेतले, आणि वयमापनाच्या आजच्या पद्धती घडल्याच मुळी त्यांना उत्तर म्हणून. झिरकॉन या खनिजाचे स्फटिक बनताना युरेनियम आत घेतात, शिसे मात्र जवळजवळ बाहेरच ठेवतात. त्यामुळे आत सापडणारे शिसे बहुतांशी नंतर तयार झालेले असते. शिवाय त्यात दोन घड्याळे एकाच वेळी चालतात : युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ४.४७ अब्ज वर्षे, तर युरेनियम-२३५ चा सुमारे ७०.४ कोटी वर्षे. शिसे गळून गेले असेल तर दोन घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवतात आणि गळती उघडी पडते. रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीत एकाच खडकातील निरनिराळ्या खनिजांची मोजमापे आलेखावर मांडतात. खडक तयार झाल्यापासून कशाची ये-जा झाली नसेल, तर सर्व बिंदू एका सरळ रेषेत येतात; रेषेच्या उतारावरून वय मिळते आणि ती अक्षाला जिथे छेदते तिथून सुरुवातीचे प्रमाण मिळते. ढवळाढवळ झाली असेल तर बहुधा बिंदू विस्कटतात आणि रेषाच मिळत नाही. सुरुवातीचे प्रमाण इथे गृहीत धरलेले नसते, ते उत्तर म्हणून बाहेर पडते. वादात एवढा एकच मुद्दा शांतपणे, आलेख काढून समजावता आला तरी पुष्कळ झाले.

पृथ्वीचे स्वतःचे पहिले कवच टिकलेले नाही. सर्वांत जुने ज्ञात स्फटिक पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्सचे, सुमारे ४.४ अब्ज वर्षांचे आहेत. म्हणून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली अशनींमधील आणि समुद्रतळाच्या गाळातील शिशाच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) सांगड घालून ४.५५ अब्ज वर्षे, सात कोटी इकडेतिकडे, असे वय काढले. त्यानंतरच्या काळात उपकरणे कितीतरी सूक्ष्म झाली, पण आकडा फारसा हललेला नाही.

स्वतंत्र पडताळ्याची तीन उदाहरणे जवळ ठेवा

पहिले उदाहरण लेखी इतिहासाचे. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मध्ये झाला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या उद्रेकातील खनिजांचे वय आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (पोटॅशियमच्या क्षयातून साचलेल्या आर्गॉन वायूवरून) १,९२५ वर्षे आले, ९४ वर्षांच्या मर्यादेत; खरे वय होते १,९१८.

दुसरे मला स्वतःला फार आवडते, कारण ते कागदावर करता येते. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे दिवस शंभर वर्षांत साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतो. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळापर्यंत मागे गेलो तर ३८ लाख शतके होतात, म्हणजे दिवस ७,६०० सेकंदांनी, दोन तासांहून थोडा अधिक, लहान असणार. वर्षाच्या ८,७६६ तासांना अशा सुमारे २१.९ तासांच्या दिवसाने भागले की ४०० दिवस येतात. प्रवाळांच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा आणि वर्षाचे जाड वेढे असतात. जॉन वेल्स यांनी १९६३ साली डेव्होनियन प्रवाळांवरील रेषा मोजल्या, त्या वर्षाला सुमारे ४०० निघाल्या. ३८ कोटी हा आकडा किरणोत्सर्गाचा, २ मिलिसेकंद हा खगोलशास्त्राचा, आणि ४०० हा एका जिवाच्या सांगाड्याचा. त्या तिघांनी संगनमत करण्याचे काही कारण नव्हते.

तिसरे क्षयाच्या वेगाविषयी. १९८७ साली दिसलेला अतिनवतारा (स्फोट होऊन उजळलेला तारा) सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर होता. त्याच्यात तयार झालेल्या कोबाल्ट-५६ चा क्षय आजच्याच, सुमारे ७७ दिवसांच्या, अर्धायुकालाने होताना दिसला. तो प्रकाश निघाला तेव्हाही वेग हाच होता. शिवाय तो इथवर पोहोचला हीच सहा हजारांपुढची स्वतंत्र अडचण आहे.

प्रतिदावे आले तर

सर्वांत जास्त ऐकू येणारा दावा माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा आहे : १९८० च्या दशकात तयार झालेल्या तिथल्या खडकाचे वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने साडेतीन लाख वर्षे आले. दावा खोटा आहे असे म्हणू नये. मोजणी खरोखर झाली होती. ज्या घड्याळाचा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षांचा, त्याने दहा वर्षांचा खडक मोजणे म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर अंगठी तोलणे होय. त्यातच लाव्हात आधीपासून असलेले जुने स्फटिक मिसळलेले असतात आणि ते स्वतःचा आर्गॉन बरोबर आणतात. जिवंत शिंपल्याचे कार्बन वय हजारो वर्षे आले, हा दावाही याच जातीचा आहे. पाण्यात विरघळलेल्या जुन्या चुनखडीचा कार्बन त्यात शिरलेला असतो. मुळात कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा असल्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालतच नाही आणि पृथ्वीचे वय काढायला ती कोणी वापरतही नाही.

‘विज्ञानाचे आकडेही बदलतात’ या आक्षेपाला कबुलीने सुरुवात करावी. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ साली पृथ्वी थंड होण्याच्या हिशेबाने २ ते ४० कोटी वर्षे सांगितली आणि १८९७ पर्यंत ती २ ते ४ कोटींवर आणली. ते चुकले, कारण पृथ्वीच्या आतील उष्णता केवळ वहनाने बाहेर येते हे त्यांचे गृहीतक चूक होते. जॉन पेरी यांनी ते १८९५ सालीच दाखवून दिले होते. किरणोत्सर्गाचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. चूक गृहीतकात होती आणि ते गृहीतक उघडपणे मांडलेले असल्यामुळे ती सापडली.

सर्वांत उपयोगी उदाहरण मात्र तरुण पृथ्वीवाद्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतले आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च या संस्थेने १९९७ ते २००५ या काळात किरणोत्सर्गी वयमापनावर संशोधन प्रकल्प चालवला. त्यांचा निष्कर्ष असा, की आजच्या वेगाने ज्याला ५० कोटींहून अधिक वर्षे लागली असती, इतका क्षय खडकांत खरोखर झालेला आहे. तो निर्मितीच्या आठवड्यात आणि प्रलयाच्या वर्षात अतिवेगाने झाला असे त्यांनी मानले. एवढ्या वेगाने निघणारी उष्णता गेली कुठे, हा प्रश्न सुटलेला नाही, हेही त्यांनी नोंदवले. ही कबुली पकडून हिणवू नये. ‘मग ती उष्णता गेली कुठे, असे तुम्हाला वाटते?’ असे विचारून थांबावे आणि समोरच्याला वेळ द्यावा.

मोजमाप जिथे थांबते

अखेरीस एक युक्तिवाद येतोच : देवाने जग जुने दिसेल असेच निर्माण केले, आदाम जसा बाळ म्हणून नव्हे तर प्रौढ म्हणून घडवला गेला. १८५७ साली फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने हा विचार तर्काच्या टोकापर्यंत नेला. त्याविरुद्ध कोणताही खडक पुरावा म्हणून मांडता येत नाही, कारण प्रत्येक पुराव्याचे उत्तर आधीच तयार आहे. त्याच न्यायाने जग गेल्या आठवड्यात निर्माण झाले असेही म्हणता येईल. म्हणून इथे समस्थानिक आणि प्रवाळ बाजूला ठेवावेत. गॉस यांना सर्वांत बोचरे उत्तर त्यांचे स्नेही आणि धर्मोपदेशक चार्ल्स किंग्जली यांनी दिले : देवाने खडकांवर एक प्रचंड आणि अनावश्यक असत्य लिहून ठेवले आहे, यावर आपण विश्वास ठेवू शकत नाही. हा आक्षेप देवाच्या स्वभावाविषयीचा आहे. चर्चा इथवर आली असेल तर ती तशीच, दोन श्रद्धावंतांमधली म्हणून पुढे चालू द्यावी; आपण स्वतः श्रद्धावंत नसू तर तिथे ऐकणाऱ्याची जागा घ्यावी.